मॅग्नेशियमच्या पोटातला हायड्रोजन

हायड्रोजनची गोष्ट सांगताना लोक गाडीपासून सुरुवात करतात. मी टाकीपासून करतो, कारण घोडं तिथंच अडलंय.

धातू हायड्रोजन शोषून घेतो, हे थॉमस ग्रॅहमने १८६०च्या दशकात पॅलेडियमवर दाखवलं. पण पॅलेडियम पडलं महाग. मॅग्नेशियम स्वस्त आणि हलकं. १०० किलो मॅग्नेशियम हायड्राइडमध्ये ७.६ किलो हायड्रोजन मावतो. अडचण एवढीच की पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर असतो, म्हणून तो आत शिरता शिरत नाही. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत रायली आणि विझवॉल यांनी निकेल मिसळून पाहिलं. वाट मोकळी झाली, पण साठा ३.६ टक्क्यांवर आला.

मग आली गिरणी. पोलादी गोळ्यांच्या माऱ्याखाली धातूची पूड दळायची, तासन्‌तास. ही युक्ती मुळात विमानांच्या इंजिनांना लागणाऱ्या मिश्रधातूंसाठी शोधलेली! १९९०च्या दशकात कॅनडात, मॅकगिल विद्यापीठ आणि हायड्रो-क्वेबेकच्या संशोधकांनी ती मॅग्नेशियमवर वापरली. दळता दळता थर फुटतो आणि आतले स्फटिक नॅनोमीटरमध्ये मोजावे लागतील इतके बारीक होतात. त्यांच्यामधल्या सीमा म्हणजे जणू गल्लीबोळ. हायड्रोजन त्यातून सुसाट धावतो. तासांचं काम मिनिटांवर आलं.

इथंच, माझ्या मते, ‘नॅनो’ या शब्दानं बऱ्याच जणांना भुलवलं. दळल्यानं वेग वाढला. उष्णतेचा हिशेब जवळपास तसाच राहिला. हायड्रोजन बाहेर काढायला अजूनही तीनशे अंशांच्या आसपास तापवावं लागतं, आणि भरताना तेवढीच उष्णता बाहेर पडते. गणित करून बघा: दर मोल हायड्रोजनला सुमारे ७५ किलोज्यूल. गाडीत पाच किलो हायड्रोजन पाच मिनिटांत भरायचा, तर सहाशे किलोवॉटहून जास्त उष्णता काढून न्यावी लागेल. एकेक किलोवॉटच्या सहाशे शेगड्या एकदम पेटलेल्या, आणि त्याही पेट्रोल पंपावर!

आपल्याकडे वाराणसीला, बनारस हिंदू विद्यापीठात ओंकारनाथ श्रीवास्तव यांच्या गटानं हायड्राइडच्या टाकीवर मोटारसायकल चालवून दाखवली. मॅग्नेशियमवर त्यांचं संशोधन होतंच, पण गाडीच्या टाकीत त्यांनी घातला तो निकेल आणि दुर्मीळ मृदा धातूंचा मिश्रधातू. जेमतेम दीड टक्का हायड्रोजन धरणारा, वजनदार. पण फारसं न तापवता तो सोडणारा.