लॅपटॉपची हार्ड डिस्क : ५,४०० फेरे की ७,२००?

लॅपटॉप खरेदी करताना प्रोसेसर कोणता, रॅम किती आणि हार्ड डिस्क किती जीबीची, हे तीन प्रश्न ग्राहक हमखास विचारतो. हार्ड डिस्क किती वेगाने फिरते, हा चौथा प्रश्न बहुधा राहून जातो. लॅपटॉप सुरू व्हायला दोन-तीन मिनिटे लागू लागली, की दोष प्रोसेसरला दिला जातो. प्रत्यक्षात खोळंबा अनेकदा हार्ड डिस्कपाशी झालेला असतो. नव्या लॅपटॉपमध्ये आता बहुतांशी एसएसडीच असते. तरीही वापरलेला लॅपटॉप विकत घेणारे विद्यार्थी आणि घरातला जुना लॅपटॉप आणखी काही वर्षे चालवू पाहणारी कुटुंबे यांच्यापुढे हा प्रश्न आजही आहे.

फेरे कशाचे?

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या एका आसाभोवती फिरत असतात आणि त्यांच्यावर तरंगणारे हेड माहिती वाचते वा लिहिते. आयबीएमने १९५६ साली आणलेल्या रॅमॅक संगणकाच्या डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या मिनिटाला १,२०० फेरे घेत. लॅपटॉपमधील डिस्क साधारणतः अडीच इंची असते. तत्त्व मात्र तेच. या डिस्कचे प्रमुख वेग तीन : मिनिटाला ४,२००, ५,४०० आणि ७,२०० फेरे. मेजावरील संगणकात रुळलेला ७,२०० फेऱ्यांचा वेग हिताचीच्या ‘ट्रॅव्हलस्टार ७के६०’ या डिस्कमुळे २००३ साली लॅपटॉपमध्ये आला.

फरक किती पडतो?

हवी असलेली माहिती हेडखाली येण्यासाठी तबकडीला सरासरी अर्धा फेरा घ्यावा लागतो. ५,४०० फेऱ्यांच्या डिस्कमध्ये त्याला सुमारे ५.६ मिलिसेकंद, तर ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कमध्ये ४.२ मिलिसेकंद लागतात. मात्र त्याआधी हेडला योग्य मार्गिकेवर सरकावे लागते आणि त्यात १२ मिलिसेकंदांच्या आसपास वेळ जातो. हा वेळ फेरे वाढल्याने कमी होत नाही. म्हणजेच फेरे ३३ टक्क्यांनी वाढले, तरी एका शोधामागील वेळ जेमतेम आठ टक्क्यांनी घटतो.

चित्रफितीसारखी मोठी फाइल सलग वाचताना वेगवान डिस्कचा लाभ अधिक जाणवतो. तेथेही एक मेख आहे. तबकडीवर माहिती जितकी दाट लिहिलेली, तितकी ती एका फेऱ्यात जास्त वाचली जाते. त्यामुळे अलीकडची मोठ्या क्षमतेची ५,४०० फेऱ्यांची डिस्क कमी क्षमतेच्या जुन्या ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कला या कामात मागे टाकू शकते. केवळ फेऱ्यांच्या आकड्यावरून निष्कर्ष काढणे म्हणूनच योग्य नाही.

वेगवान डिस्क वीज थोडी अधिक घेते व थोडी अधिक तापते. पडदा आणि प्रोसेसर यांच्या तुलनेत हा भार किरकोळ असल्याने बॅटरी त्यामुळे फार लवकर संपत नाही. पण डिस्कच्या वरच्या भागाची उष्णता आणि कंप टेकलेल्या हाताला जाणवू शकतो.

एसएसडीने बदललेले गणित

एसएसडीत फिरणारा भाग नसतो. माहिती शोधण्यास तिला सुमारे ०.१ मिलिसेकंद, म्हणजे फिरत्या डिस्कच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळ लागतो. २००८ साली आलेल्या पहिल्या मॅकबुक एअरमध्ये ४,२०० फेऱ्यांची ८० जीबीची डिस्क होती. ६४ जीबीची एसएसडी जादा पैसे मोजून मिळे. तेव्हा चैनीची वाटणारी ही वस्तू आता आवाक्यात आली आहे. जुन्या लॅपटॉपची गती वाढवायची असेल, तर ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कवर खर्च करण्यापेक्षा एसएसडी बसवणेच हिताचे.

संथ डिस्क तरीही टाकाऊ नाही. केस विकत घेऊन तिला यूएसबीने जोडता येते आणि छायाचित्रांची प्रत ठेवण्यास ती पुरेशी ठरते. अडीच इंची मोठ्या क्षमतेच्या अनेक डिस्कमध्ये मार्गिका कौलांप्रमाणे एकमेकींवर चढवून लिहिलेल्या असतात. अशा डिस्कवर दीर्घकाळ सलग लिहिल्यास वेग बराच मंदावतो. साठवणीसाठी ते चालते, रोजच्या कामासाठी नव्हे.

आधी प्रत, मग दुरुस्ती

चांगला चालणारा लॅपटॉप अचानक संथ झाला, डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला किंवा फाइल उघडेनाशा झाल्या, तर प्रश्न वेगाचा राहत नाही; डिस्क निकामी होत असण्याची शक्यता असते. अशा वेळी सर्वप्रथम महत्त्वाच्या फाइल दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. एसएसडी तर कोणतीही पूर्वसूचना न देता बंद पडू शकते. डिस्क कोणतीही असो, एकच प्रत म्हणजे धोका.

खरेदीपूर्वी हे तपासा

* जोडणी : फार जुन्या लॅपटॉपमध्ये आयडीई, नंतरच्यात साटा जोडणी असते. एकीची डिस्क दुसरीला बसत नाही.
* जाडी : ७ मिलिमीटर की ९.५ मिलिमीटर, हे खाच मोजून ठरवावे.
* क्षमता : ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये सुमारे ४६५ जीबी दिसते. ही फसवणूक नव्हे. मोजणीच्या पद्धतीतील फरक आहे.
* वापरलेली डिस्क : ती किती तास चालली आहे आणि तिच्यात खराब सेक्टर आहेत का, हे ‘स्मार्ट’ नोंदींत पाहावे.