मुदत संपलेले सैनिक (टेरिटोरियल फोर्स)

पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या टेरिटोरियल फोर्समधील ज्या अर्धवेळ शिपायांचा भरतीचा करार लढाई चालू असतानाच पुरा झाला, त्यांना ही संज्ञा लावतात.

पार्श्वभूमी : युद्धमंत्री रिचर्ड हॉल्डेन यांच्या १९०७ च्या कायद्यानुसार १ एप्रिल १९०८ रोजी हे दल उभे राहिले. कारकून, गिरणीकामगार, दुकानातले नोकर संध्याकाळी कवायत करीत आणि वर्षातून एकदा छावणीत राहत. करार चार वर्षांचा. युद्धासाठी दल बोलावले गेल्यास तो एक वर्षाने वाढे. परदेशी जाण्याची सक्ती नव्हती. तशी लेखी तयारी दाखवणारा शिपाई मुकुटाखाली ‘इंपीरियल सर्व्हिस’ अशी अक्षरे असलेली धातूची पट्टी छातीवर उजवीकडे लावी.

करारसमाप्ती : हिशेब माणसागणिक वेगळा होता. एप्रिल १९११ मध्ये नाव नोंदवलेल्याची चार वर्षे एप्रिल १९१५ मध्ये भरत. वाढीव वर्ष धरून तो एप्रिल १९१६ मध्ये मोकळा होई. त्याच्याच शेजारी खंदकात उभा असलेला, युद्धकाळातले युद्धमंत्री किचनेर यांच्या नव्या सैन्यातला शिपाई मात्र तीन वर्षे किंवा युद्ध संपेपर्यंत बांधलेला असे. १९१५ च्या उत्तरार्धापासून मुरलेले शिपाई घरी परतू लागले आणि पलटणींना त्यांची उणीव भासू लागली. काहींनी पुन्हा सही केली.

१९१६ चे कायदे : जानेवारीतील सक्तीच्या भरतीचा कायदा १८ ते ४१ वयाचे अविवाहित आणि अपत्य नसलेले विधुर यांच्यापुरता होता. मेमधील दुसऱ्या कायद्याने विवाहितांनाही त्यात ओढले आणि मुदत भरलेल्यांची सेवा युद्ध संपेपर्यंत लांबवली. शांततेच्या काळात आपणहून पुढे आलेल्यांचा करार असा त्यांना न विचारता बदलला गेला. सैन्याची निकड खरी होती. पण दिलेला शब्द मोडला, हेही तितकेच खरे.

भारतातील तुकड्या : टेरिटोरियल फोर्सच्या वेसेक्स डिव्हिजनचा बराचसा भाग नोव्हेंबर १९१४ मध्ये मुंबईस उतरला. युरोपात गेलेल्या कायम सैन्यातील गोऱ्या पलटणींच्या जागी या तुकड्यांनी इथल्या छावण्या सांभाळल्या. १९१८ च्या युद्धविरामानंतरही अनेकांची सुटका झाली नाही. मे १९१९ मध्ये तिसरे अफगाण युद्ध पेटले आणि बोटीची वाट पाहत असलेल्यांना थांबवून घेण्यात आले.

पदक : या दलातील सुमारे ३४ हजार जणांना टेरिटोरियल फोर्स वॉर मेडल देण्यात आले.