पीपीपी, भंडारदरा आणि नगरचा खंड

कॉलेजातल्या एका मित्राचा फोन आला. साहेब 'अक्षय ऊर्जेतली सार्वजनिक-खासगी भागीदारी' या विषयावरच्या फेलोशिपसाठी अर्ज भरतायत आणि उदाहरणं शोधतायत डेन्मार्क-जर्मनीतली! म्हटलं, बाबा रे, एसटी पकड आणि अकोल्याला जा. (विदर्भातलं नव्हे, नगर जिल्ह्यातलं अकोले.) जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अधिकृतपणे अहिल्यानगर झालं, पण जुन्या गोष्टी सांगताना माझ्या तोंडात 'नगर'च येतं. तर फोनवर अर्धवट राहिलेलं हे पुराण.

भंडारदऱ्याचं धरण आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलंय ते काजव्यांच्या किंवा पावसाळी ट्रेकच्या निमित्ताने. १० डिसेंबर १९२६ ला मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं, म्हणून विल्सन डॅम. उंची साधारण ८२ मीटर, साठा ११ टीएमसी. त्या काळात देशातल्या सर्वांत उंच धरणांपैकी एक. बांधलं ते विजेसाठी नाही, तर प्रवरेच्या कालव्यांसाठी. दुष्काळी मुलखाला पाणी हा हेतू खराच होता. पण कालव्याचं पाणी आलं की त्यामागे भांडवलही येतं. १९२० च्या दशकात श्रीरामपूरजवळ हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला. ही ब्रॅडी या इंग्रजी पेढीची कंपनी. धरण आणि कालवा सरकारचा, कारखाना खासगी. पीपीपी हे नाव तेव्हा नव्हतं, एवढंच.

आता मधली एक महत्त्वाची गोष्ट. कारखान्याला ऊस हवा, उसाला जमीन हवी. ती शेतकऱ्यांकडून खंडाने, म्हणजे भाडेपट्ट्याने, घेतली गेली. मग स्वातंत्र्य आलं, १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा आला, आणि त्या जमिनी कंपनीकडून शेती महामंडळाकडे गेल्या. ज्यांनी जमीन फक्त भाड्याने दिली होती त्यांना ती काही परत मिळाली नाही. हे 'खंडकरी' शेतकरी पिढ्यानपिढ्या भांडत राहिले आणि जमिनींचं वाटप सुरू व्हायला २०१२ उजाडलं. म्हणजे नातवंडांच्या, पतवंडांच्या हातात सातबारा! हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

असो. वीज. भंडारदऱ्याच्या पायथ्याचं पहिलं जलविद्युत केंद्र १९८६ चं, बारा मेगावॅटच्या आसपास. दुसरं ३४ मेगावॅटचं, खाली कोदणीला. रंधा धबधब्याच्या उताराचा फायदा घेणारं. (रंधा आता पावसाळ्यातच खरा दिसतो. एरवी त्याचं पाणी टर्बाइनकडे वळलेलं असतं.) ही केंद्रं पुढे पाटबंधारे खात्याने, म्हणजे आताच्या जलसंपदा विभागाने, भाडेपट्ट्याने डॉडसन-लिंडब्लॉम या खासगी कंपनीला चालवायला दिली. धरण सरकारचं, पाणी सरकारचं, यंत्रं सांभाळायची आणि वीज विकायची कंपनीने.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे आर्किटेक्चर लगेच कळेल. सर्व्हर कंपनीचा, पण ट्रॅफिक किती आणि कधी येणार हे ठरवणार दुसराच! कारण टर्बाइन फिरतं ते शेतीचं आवर्तन सुटतं तेव्हा. विजेला भाव कधी चांगला आहे, हे बघून पाणी सोडत नाहीत. आणि पाण्यावर हक्क सांगणारे वाढतच गेले. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने टंचाईच्या वर्षी वरच्या धरणांनी खालच्यांना वाटा द्यायचा हे तत्त्व आणलं. २०२३ मध्ये नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीसाठी ८.६ टीएमसी सोडायचा आदेश निघाला, तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवत असेल. माझं मत विचाराल तर भागीदारीतली ही वाटणी बरोबरच आहे. पाणी आधी, वीज नंतर. फक्त मग त्या विजेचा हिशेब मांडताना दुष्काळाचा धोका कुणाच्या खात्यावर, हे करारात स्वच्छ लिहिलेलं हवं.

प्रवरानगरला हाच प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० मध्ये उभा केलेला सहकारी कारखाना. त्याच्या आवारात गॅमन समूहाच्या कंपनीने ३० मेगावॅटचा सहवीज प्रकल्प २५ वर्षांच्या कराराने उभारला. २०१५ मध्ये तो सुरू झाला, नेमका दुष्काळाच्या हंगामात. इथे इंधन म्हणजे उसाचा चोथा, बगॅस. ऊस नाही तर बगॅस नाही, बगॅस नाही तर बॉयलर थंड. म्हणजे फिरून आपण पुन्हा धरणातल्या पाण्यापाशीच!

वाऱ्याचं प्रकरण पटकन उरकतो. खंडके इथली टाटा पॉवरची ५०.४ मेगावॅटची पवनचक्की-शेती २००७ च्या सुमाराची. त्या काळात पहिल्याच वर्षी ८० टक्के घसारा मिळायचा, त्यामुळे पुष्कळ कंपन्यांचं पवनप्रेम मार्च महिन्यात उफाळून यायचं. करसवलत हाच सरकारचा वाटा.

आणि मग सौर. २०१७ ची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. तिचे पहिले प्रायोगिक प्रकल्प दोन, एक यवतमाळमधल्या कोळंबीला आणि दुसरा पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीला, २ मेगावॅटचा. कल्पना साधी: गावाच्या उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प, शेतीपंपाला दिवसा वीज. रात्री दोनला मोटर सुरू करायला जाणाऱ्या आणि अंधारात सापावर पाय पडेल म्हणून घाबरणाऱ्या माणसाला याची किंमत पुण्यातल्या कुठल्याही ऊर्जातज्ज्ञापेक्षा जास्त कळते.

२०२३ च्या दुसऱ्या टप्प्यात दोन गोष्टी नव्या आल्या. ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, तीन वर्षं. आणि खासगी जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं, दरवर्षी ३ टक्के वाढ. भंडारदऱ्यापासून चाललेल्या या गोष्टीत तिसऱ्या भागीदाराचं, म्हणजे गावाचं नाव कागदावर आलेलं मला इथे दिसतं. पैसे फार नाहीत, पण नाव आहे.

आता ते खंडकरी आठवा. सव्वा लाख हेक्टरी हा जिरायती जमिनीसाठी चांगलाच आकडा आहे. पण नगरच्या शेतकऱ्याला कुणी भाडेपट्टा म्हटलं की त्याला हरेगाव आठवतं. श्रीरामपूरकडचा एखादा म्हातारा भाड्याचा दर नंतर विचारेल. आधी विचारेल, मुदत संपल्यावर सातबारा कुणाच्या नावावर असेल?