सास्तूरहून सातासमुद्रापार

आम्हा मराठवाड्याच्या मुलांना परदेशाची वाट नवी नाही, पण ती सदैव दुसऱ्याच्या दारावरून गेली. 1948 पर्यंत सास्तूर निजामाच्या राज्यात होते. उच्च शिक्षण म्हणजे हैदराबाद. तिथे 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेही उर्दू माध्यमाचे. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ व्हायला 1958 साल उजाडले.

1973 नंतर तेलाचे भाव चढले, आखाताने माणसे मागितली. आमची माणसे गेली, पण गवंडी अन् ड्रायव्हर म्हणून. 1983 च्या उत्प्रवास कायद्यानंतर कमी शिकलेल्याच्या पासपोर्टला सरकारी तपासणी चिकटली. आज दहावी पास असला की ती लागत नाही. एका इयत्तेने माणसाची पत बदलते!

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपाने सास्तूर जमीनदोस्त झाले. घरांबरोबर दाखले, गुणपत्रिकाही ढिगाऱ्यात गेल्या. मग जगभरातून मदत आली. परदेश आमच्या दारी आला तो असा.

आज पदवीधरापुढे दोन रस्ते. तिकडे शिकायचे आणि तिथेच काम शोधायचे, किंवा इथूनच करार घेऊन जायचे. पहिल्याला पैसा लागतो. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याजाला हातभार लावणारी केंद्राची 'पढो परदेश' योजना 2022-23 पासून बंद झाली, हे आम्हाला सलते. दुसऱ्या रस्त्यावर दलाल उभा असतो. त्याची नोंदणी 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. पाहणारे थोडेच, टुरिस्ट व्हिसा हाती पडला तरी पोरे विमानात बसतात.