दिलेल्या शब्दाला जागणे

शेळगाव हे इंदापूर तालुक्यातले गाव. तेथल्या शेतकऱ्याला त्याच्या जमिनीची ओळख विचारली, तर तो बांध, ओढा, विहीर हे सारे सांगेल. परंतु कज्जा उभा राहिला किंवा खरेदीखत करावयाचे झाले, म्हणजे एक नंबरच सांगेल. हा नंबर कोठून आला आणि इतकी वर्षे कसा टिकला, हा प्रश्न आम्ही आरंभी श्रोत्यांपुढे ठेवीत आहो. आम्हांला बोलावयाचे आहे ते संगणकाविषयी. पण त्या विषयाकडे जाणारी वाट इंदापुरावरूनच जाते, असे आम्हांस वाटते.

इंग्रजी अमलाच्या आरंभी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात मोजणी केली आणि १८३० पासून तिच्या आधारे सारा ठरू लागला. मोजणी सदोष, आकारणी जड. लोक गावे सोडून जाऊ लागले. तेव्हा १८३५ साली गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी नव्या पद्धतीला हात घातला, तो इंदापूर तालुक्यात. शेतांच्या हद्दी कायम झाल्या, त्यांना सर्व्हे नंबर मिळाले आणि ठरविलेला आकार तीस वर्षे वाढणार नाही असे वचन देण्यात आले. पुढे हीच पद्धत मुंबई इलाख्यात पसरली व १८४७ च्या संयुक्त अहवालात तिचे नियम बांधले गेले.

तीस वर्षे सरली आणि १८६७ च्या सुमारास इंदापुरात सारा वाढला. दराचे वचन मुदतीचे होते, ते मुदतीबरोबर संपले. नंबर मात्र राहिला. भावाभावांत वाटण्या झाल्या, तेव्हा जुना नंबर पुसून नवा दिला नाही. त्याच नंबराखाली हिस्से पाडले. त्यामुळे आजोबांचे खत नातवाच्याही उपयोगी पडले. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर गावोगाव गट नंबर आले आणि ही साखळी प्रथमच तुटली. तेव्हापासून जुन्या कागदाचा माग काढावयाचा, तर जुना नंबर कोणत्या गटात गेला हे आधी पाहावे लागते. हा ताळा जेथे चुकला, तेथे माणसे कचेरीचे उंबरठे झिजवितात.

नवे करावे, पण जुन्यावर विसंबलेल्या माणसाचा आधार काढून घेऊ नये, ह्या तत्त्वाला संगणकाच्या धंद्यात ‘बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी’ म्हणतात. आम्ही त्याला जुन्याशी मेळ राखणे म्हणू.

संगणकातील ‘लायब्ररी’ म्हणजे पुस्तकांचे कपाट नव्हे. अनेक प्रणालींना लागणारे एखादे काम एकदाच नीट लिहून ठेवावयाचे आणि इतरांनी ते हवे तेव्हा वापरावयाचे, अशी ती व्यवस्था असते. नीरा डाव्या कालव्याखालच्या बागाइतदारांना हे चटकन समजेल. पाटाचे तोंड जेथे आहे, तेथे धरून खालच्या साऱ्या सऱ्या काढलेल्या असतात. ते तोंड चार हात हलविले, तर वरच्या माणसाच्या दृष्टीने ती सुधारणा असेल. खालची शेते मात्र कोरडी राहतात. आणि लायब्ररी मुक्त, म्हणजे ओपन सोर्स असेल, तर खाली कोणकोणाची शेते आहेत हे तिच्या कर्त्यालाही ठाऊक नसते. कोणीही न विचारता ती घ्यावी, हीच तर तिची अट!

अशीच एक मुक्त लायब्ररी मराठी अक्षरे जुळविण्याचे काम करते. तिचे नाव हार्फबझ. इराणात जन्मलेल्या बेहदाद एस्फाहबोद यांनी ती वाढविली आणि नावही फारसीतले दिले: हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे खुले. ‘एक हरफ बोलला नाही’ असे आपण म्हणतो, त्यातलाच हा हरफ. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइडचे दूरध्वनी, लिबरऑफिस ह्या सर्वांत तीच काम करते. क आणि ष जोडून क्ष करावयाचा, वेलांटी अक्षराच्या आधी न्यावयाची, रफार माथ्यावर चढवावयाचा, ही सारी तिची कामे.

आता एक अगदी मराठी अडचण पाहा. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. एकात रफार, दुसऱ्यात आडवा र. हिंदीला हा भेद लागत नाही. आपल्याला पदोपदी लागतो. युनिकोड ह्या जागतिक लिपिसंकेताच्या १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत आडवा र लिहिण्यासाठी र, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशी योजना होती. पुढे १९९१ च्या इस्की ह्या भारतीय मानकाशी जुळवून घेऊन नुक्त्याचा ऱ व हलंत ही रीत मुख्य ठरली. मग पहिल्या रीतीने लिहिलेल्या मजकुराचे काय करावयाचे? युनिकोडने नियमातच नमूद केले की, दुसऱ्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून जुनी रीतही चालू राहील. हार्फबझही दोन्ही रीतींनी आडवा र काढून देते. वाचणाऱ्याला फरक कळतही नाही.

हे सौजन्य फुकट मिळत नाही. दोन्ही ‘दऱ्या’ डोळ्यांना एक, पण संगणकाला दोन. शोध घेणाऱ्या प्रणालीने दोहोंचे नाते ध्यानात घेतले नसेल, तर एक सापडते आणि दुसरी राहून जाते. शिवाय देवनागरी फाँटांचेही दोन करार आहेत, एक जुना व एक नवा. जुन्या करारात हलंताची जागा निराळी. म्हणून फाँट कोणत्या कराराचा हे पाहून हार्फबझला अक्षरे निराळ्या क्रमाने मांडावी लागतात. तिच्या कर्त्यांनी लाखो देवनागरी शब्द घेऊन आपले उत्तर मायक्रोसॉफ्टच्या जुन्या यंत्रणेच्या उत्तराशी ताडून पाहिले. कारण लोकांनी आपले फाँट त्या यंत्रणेवर पारखून घेतलेले होते. ज्या आज्ञांची नावे जुनी झाली, ती पुसून न टाकता एका वेगळ्या फाइलीत जपून ठेवली आहेत. नव्याने कोणी ती वापरू नयेत. पण ज्याने पूर्वी वापरली, त्याचे काम अडू नये.

हा मेळ राखला नाही, तर काय होते? कोरियन लिपीची हजारो अक्षरे १९९६ साली आपल्या जागेवरून उठवून दुसरीकडे नेली गेली आणि आधीचा मजकूर निकामी ठरला. त्यानंतर, एकदा दिलेली जागा पुन्हा हलवावयाची नाही, असा युनिकोडने नियमच केला. आपल्या घरचेही उदाहरण आहे. ‘ॲ’ ह्या अक्षराला स्वतंत्र जागा मिळाली २००८ साली. तोवर लोक अ लिहून त्यावर चंद्र देत. आज तो जुना मजकूर कित्येक पडद्यांवर उघडला, म्हणजे अ आणि चंद्र यांच्यामध्ये ठिपक्यांचे एक वर्तुळ उमटते. ते टाळण्यासाठी लिहिणारे मध्ये अदृश्य जोडचिन्ह घुसवितात. त्याहूनही जुना, युनिकोडपूर्व फाँटांतला मजकूर तर तो विशिष्ट फाँट नसेल, तर रोमन अक्षरांचा निव्वळ कचरा दिसतो. त्यात संस्थांची इतिवृत्ते आहेत, पुस्तके आहेत, माणसांची नावे आहेत.

कोणी म्हणेल, अशाने जुन्याचे ओझे वाढत जाईल आणि नव्याला वाट उरणार नाही. आक्षेप खोटा नाही. प्रिंगलची मोजणी सदोष होती, ती टाकावीच लागली. ती टिकविणे म्हणजे रयतेला मारणे होते. आमचे म्हणणे इतकेच की, टाकण्यापूर्वी तिची झळ कोणाला लागते हे पाहावे. चूक जर जुन्यावर विसंबणाऱ्यालाच छळीत असेल, तर ती दुरुस्त करावी. पण नीटनेटकेपणाचे समाधान कर्त्याला आणि दुरुस्तीचा खर्च दुसऱ्याला, असा हिशेब असेल, तर जुने नाव राहू द्यावे. आणि बदलणे भागच असेल, तर जुन्या-नव्याचा ताळा आधी तयार करून मग बदलावे.

ह्यात आपल्याकडेही एक काम येते. मुक्त लायब्ररी कोणा एकाच्या मालकीची नसते. तिच्यातील दोष दाखविण्याचा अधिकार सर्वांना आहे. आडवा र कोठे मोडतो हे इराणी किंवा इंग्रज माणसाला आपोआप दिसणार नाही. ते मराठी वाचणाऱ्यालाच दिसेल, आणि त्यानेच ते कळविले पाहिजे. हद्दीचा दगड हलला, तर पहिली तक्रार शेजारच्या शेतकऱ्याने करावयाची असते. इंदापूर तालुक्याला हे निराळे शिकवावयास नको.