पक्ष्याबाहेर शिजणारे सारण : एका अमेरिकन पाकरूढीचा इतिहास

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नोव्हेंबर महिन्याच्या चौथ्या गुरुवारी साजरा होणाऱ्या थँक्सगिव्हिंगच्या सणात भाजलेली टर्की आणि पावाचे सारण ही जोडी अविभाज्य मानली जाते. सारण म्हणजे पोकळीत भरावयाचा पदार्थ. परंतु आज असंख्य घरांत हे सारण पक्ष्याच्या पोटात न भरता निराळ्या भांड्यात भाजले जाते. हा बदल आधुनिक आरोग्यशास्त्राने घडवून आणला, असे सामान्यतः समजले जाते. हे मत सर्वस्वी चुकीचे नाही. तथापि ते अपुरे आहे. कालानुक्रम तपासला असता असे दिसून येते की, आरोग्यशास्त्राने ही रूढी निर्माण केली नाही, तर अन्य कारणांनी आधीच रुळू लागलेल्या रूढीला तिने शास्त्राधार पुरविला.

प्राण्याच्या पोकळीत दुसरे खाद्य भरून तो शिजविण्याची कल्पना अतिप्राचीन आहे. अपिकियसच्या नावावर मोडणाऱ्या रोमन पाकग्रंथात डुकराच्या मांसाचे सारण भरलेल्या डॉरमाउस या लहान प्राण्याची कृती आढळते. मात्र सारणाचे स्थान पोटातच, असा दंडक पूर्वीही नव्हता. अठराव्या शतकातील इंग्रजी पाकग्रंथांत, विशेषतः १७४७ साली प्रसिद्ध झालेल्या हॅना ग्लास हिच्या ग्रंथात, बारीक कुटलेल्या मसालेदार मांसाचे गोळे वेगळे तळून मुख्य पदार्थाभोवती मांडण्याची पद्धत दिसते. म्हणजे पोटातील आणि पोटाबाहेरील अशा दोन्ही परंपरा अमेरिकन पाकशास्त्राला वारशानेच मिळाल्या होत्या.

टर्की हा पक्षी मूळचा उत्तर अमेरिकेतील. सोळाव्या शतकात तो स्पॅनिश लोकांमार्फत युरोपात गेला. पुढे १६१२ साली गोव्याहून जहांगीर बादशहाच्या दरबारी आणलेल्या अशाच एका पक्ष्याचे चित्र मन्सूर या चित्रकाराने काढले, हे प्रसिद्धच आहे. खुद्द अमेरिकेत १७९६ साली हार्टफर्ड येथे छापलेल्या अमेलिया सिमन्सच्या पाकग्रंथात टर्कीची जी कृती आहे, तीत एक पौंड गव्हाचा मऊ पाव, तीन औंस गोचरबी, तीन अंडी, थाइम व मार्जोरम या सुगंधी वनस्पती, मिरी आणि मीठ यांचे सारण सांगितले आहे. ते भरून पोट शिवावयाचे, पक्षी विस्तवासमोर टांगावयाचा आणि छातीतून वाफ निघू लागेपर्यंत भाजावयाचा. ही अखेरची खूण महत्त्वाची आहे. तीत पाहावयाचे ते मांसाकडे; पोकळीतील सारण कितपत तापले, हा प्रश्न त्या काळी उपस्थितच होत नव्हता.

सारा जोसेफा हेल हिने १८२७ च्या आपल्या कादंबरीत थँक्सगिव्हिंगच्या पंगतीत सारणभरल्या टर्कीला अग्रस्थान दिले. याच लेखिकेने या सणाला राष्ट्रीय स्वरूप यावे म्हणून दीर्घकाळ प्रयत्न केले व १८६३ साली अध्यक्ष लिंकन यांनी तशी घोषणा केली. परिणामी सारणभरला पक्षी हे राष्ट्रीय सणाचे प्रतीक ठरले. यानंतर त्यात झालेला कोणताही बदल केवळ पाकक्रियेचा राहिला नाही, तर परंपरेशी केलेली तडजोड ठरला.

या तडजोडीची पहिली कारणे चुलीत आणि पक्ष्यात सापडतात. एकोणिसाव्या शतकात उघड्या विस्तवाची जागा बंद भट्टीच्या लोखंडी चुलीने घेतली. एकाच भट्टीत पक्ष्याशेजारी दुसरे भांडे ठेवणे त्यामुळे सुलभ झाले. विसाव्या शतकात रुंद छातीच्या टर्कीची पैदास वाढली. पक्षी मोठा झाला, पंगतही मोठी झाली. पोटात मावणारे सारण मात्र पंगतीस पुरेनासे झाले. उरलेले सारण भांड्यात भाजणे हा ओघानेच आलेला उपाय होता. दक्षिणेकडील संस्थानांत तर मक्याच्या पावाचे सारण उथळ भांड्यात भाजण्याचा प्रघात शासकीय सूचनांच्या आधीपासून रूढ होता आणि त्याला ‘ड्रेसिंग’ हे स्वतंत्र नावही होते.

आता आरोग्यशास्त्राकडे वळता येईल. पुढे साल्मोनेला या नावाने ओळखल्या गेलेल्या वर्गातील जंतू थिओबाल्ड स्मिथ याने १८८५ साली वेगळा केला. १८८८ मध्ये गेर्टनर याने अशाच जंतूचा दूषित मांसातून झालेल्या विषबाधेशी संबंध दाखविला. उष्णता बाहेरून आत जाते, म्हणून पोकळीचा मध्य सर्वांत शेवटी तापतो. कच्च्या मांसाचा रस शोषून घेतलेला पाव याच मध्यात असतो. तो सुरक्षित तापमानाला पोहोचेपर्यंत छातीचे मांस कोरडे पडते. छाती रसाळ ठेवावी तर मध्य कोमट राहतो. ही कोंडी पक्षी जितका मोठा तितकी तीव्र होते. २००६ साली अमेरिकन शेतकी खात्याने टर्कीसह सर्व पाळीव पक्ष्यांच्या मांसासाठी १६५ अंश फॅरनहाइट (सुमारे ७४ अंश सेल्सिअस) ही एकच किमान मर्यादा ठरविली. सारणाच्या मध्यासही तीच लागू आहे. या खात्याने पोटात सारण भरण्यास मनाई केलेली नाही. वेगळे शिजविणे अधिक सुरक्षित, एवढेच त्याचे सांगणे आहे.

१८८८ आणि २००६ यांमधील अंतर बोलके आहे. या कालावधीत सारणाला पक्ष्यापासून खऱ्या अर्थाने मुक्त केले ते उद्योगधंद्याने. इंग्लंडमध्ये १९०१ सालीच ईकल्स येथील जॉन क्रॅम्प्टन या खाटकाने सुक्या सारणाचे ‘पॅक्सो’ हे मिश्रण बाजारात आणले होते. अमेरिकेत जनरल फूड्स या कंपनीने १९७२ मध्ये ‘स्टोव्ह टॉप’ हे मिश्रण आणले आणि रूथ सीम्स व तिचे सहकारी यांना १९७५ साली त्याचे पेटंट मिळाले. पावाच्या तुकड्यांचा आकार नेमका ठरविला असता गरम पाण्याने त्यांना योग्य पोत येतो, हे त्याचे मर्म होय. यामुळे सारणाला पक्ष्याची, इतकेच नव्हे तर सणाचीही, गरज उरली नाही.

या इतिहासातून पाकसंस्कृतीच्या अभ्यासकाला एक इशारा मिळतो. एखाद्या रूढीचे आज दिले जाणारे कारण हेच तिच्या उगमाचे कारण असते, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. शास्त्राने दिलेले कारण स्पष्ट व सांगण्यास सोपे असल्यामुळे चूल, पैदास आणि बाजारपेठ ही कारणे त्याच्या मागे झाकली जातात. तसेच या विभाजनात लाभाबरोबर हानीही झाली. पक्ष्याच्या रसात मुरण्याचा जो गुण सारणाला पोकळीत सहज लाभत असे, तो आता हाडांचा अर्क वरून ओतून साधावा लागतो. म्हणजे स्थान सुटले तरी त्या स्थानाची चव राखण्याचा खटाटोप सुटलेला नाही. काही भरत नसतानाही या पदार्थाचे ‘भरण’वाचक नाव अनेक घरांत टिकून आहे, ते याच निष्ठेचे द्योतक होय.