याडी, छापील अक्षरात

पोहरादेवीच्या रामनवमीच्या यात्रेत मी पुस्तकांच्या दुकानांवर रेंगाळतो. सेवालाल महाराजांची चरित्रं, भजनं मिळतात. यंदा एका दहा-अकरा वर्षांच्या मुलीनं दुकानदाराला विचारलं, "आमच्या बोलीतलं गोष्टीचं पुस्तक आहे का?" त्यानं तिच्यापुढे मराठी अंकलिपी सरकवली.

मला 1920 सालचं न्यूयॉर्क आठवलं. शाळेच्या पुस्तकांत काळं मूल दिसलंच तर हसण्यापुरतं. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस आणि जेसी फॉसेट यांनी काळ्या मुलांसाठी 'द ब्राउनीज बुक' हे मासिक काढलं. त्यात पानोपानी काळ्या मुलांचे, शिकून निघालेल्या तरुणांचे फोटो असत. लँग्स्टन ह्यूज यांच्या सुरुवातीच्या कविता 1921 मध्ये तिथेच आल्या. चोवीस अंकांनंतर मासिक बंद पडलं. पण आपल्यासारखा चेहरा छापलेला असतो, हे मुलांनी पाहिलं होतं.

आपल्याकडे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहणाऱ्या बंजाऱ्यांची लदेणी रेल्वेनं बसवली. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का त्यांच्या अनेक गटांवर बसला; कायदा गेला 1952 मध्ये. आत्माराम राठोडांचं 'तांडा' आहे, पण ते मोठ्यांचं वाचन. तांड्यातलं मूल घरी आईला 'याडी' म्हणतं, शाळेत 'आई' गिरवतं. दोन्ही शब्द गोडच. फळ्यावर मात्र एकच असतो. गोरबोलीला स्वतःची लिपी नाही, ही सबब मला पटत नाही. मराठीचीही देवनागरी काही एकटीची नाही.

त्या मुलीला मी वहीचं पान दिलं. तिनं 'याडी' लिहिलं आणि पुढचं विचारायला आजीकडे पळाली.